बाराशे वाक्यांचे बंधुराज

माझ्या थोरल्या भावाला मी तोंडावर दादा म्हणते आणि पाठीमागे बंधुराज. तोंडावरचा शब्द सवयीचा, पाठीमागचा मनापासूनचा. हा माणूस कधी कुणाला लुबाडत नाही, दारू-तंबाखूच्या वाटेला जात नाही, वहिनीवर त्याने कधी आवाजसुद्धा चढवला नाही. असल्या माणसाविषयी वाईट बोलायला फार कष्ट पडत असतील असं लोकांना वाटतं. मला पडत नाहीत.

शाळेत बंधुराजांचा नंबर नेहमी पहिल्या दहात असायचा. त्याचं गुपित त्यांनीच मला एकदा सांगितलं, आणि तेही अभिमानाने. परीक्षेत ते डावीकडे बघत, उजवीकडे बघत, पुढच्याच्या खांद्यावरून बघत, आणि तिघांपैकी दोघांचं जे उत्तर जुळेल ते लिहीत. "एकाचं बघून लिहिलं तर ती कॉपी," ते म्हणाले. "तिघांचं ताडून लिहिलं, की तो अभ्यास." मी तेव्हा चौथीत होते. तेव्हाही मला ते पटलं नव्हतं.

लग्नाचंही तसंच. मुलगी बघून आल्यावर त्यांनी दोन मावश्यांचं आणि एका आत्याचं मत घेतलं. दोघी हो म्हणाल्या, आत्या नाही म्हणाली. अशा रीतीने वहिनी दोन विरुद्ध एक मतांनी आमच्या घरात आल्या. त्या फार चांगल्या निघाल्या, पण त्यात बंधुराजांचं कर्तृत्व शून्य. वहिनींनी स्वतः कुणाला विचारलं होतं की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मग विमा कंपनीत कारकुनी झाली, एका गोदामात नोंदी झाल्या, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांना त्यांच्या लायकीची नोकरी मिळाली. एका मोठ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर थंडगार हॉल आहे. साठ टेबलं, साठ संगणकांचे पडदे, आणि भिंतीवर 'महिन्याचा तपासनीस' म्हणून कुणातरी हसऱ्या माणसाचा फोटो. काम असं, की कुठेतरी दूर एक मशीन आहे आणि ते रात्रंदिवस इंटरनेटवरची पानं वाचतं. वाचता वाचता त्यातून ज्ञान वेचतं. अमुक ही नदी आहे, तमुक हा पक्षी आहे, या पक्ष्याला उडता येत नाही. एकेक गोष्ट एकेका छोट्या वाक्यात बसवतं आणि ते वाक्य किती पानांवर सापडलं तो आकडा शेजारी मांडतं. पुढे फोनवर कुणी काही विचारलं, की हेच शिकलेलं सांगतं. मधे ही साठ माणसं. वाक्य समोर येतं, त्याच्या खाली तीन बटणं: बरोबर, चूक, ठरवता येत नाही. दिवसाला बाराशे वाक्यं.

"आम्ही मशीनला शिकवतो," बंधुराज दर रविवारी आमच्याकडे येऊन सांगत. वडील कौतुकाने ऐकत. मी इस्त्री करत असे, आणि इस्त्री जरा जोरात आपटली जाई.

त्या मशीनच्या गमती मात्र ऐकण्यासारख्या होत्या, हे कबूल करायला हवं. लोक पित्ताचा त्रास लिहितात, दम्याचा त्रास लिहितात, संधिवाताचा त्रास लिहितात. मशीनने धडा घेतला, की ज्याचा ज्याचा त्रास होतो तो आजार. मग त्याने आजारांच्या यादीत शेजारी, जावई आणि सोमवार हेही घातले. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. बंधुराज हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की तीनही वाक्यांना त्यांनी 'चूक' दिलं. जगाला त्यांनी त्या दिवशी केवढ्या अनर्थातून वाचवलं होतं!

"पण सोमवार आजार नाही हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तसं नाही. तिथे स्वतःची माहिती वापरायची नसते. आकडा बघायचा, पानं बघायची, त्यावर ठरवायचं. व्यक्तिगत माहितीला तिथे किंमत नाही."

"म्हणजे तुझ्या घराला आग लागली तर?"

"ते कुठेतरी यायला हवं."

"किती ठिकाणी?"

बंधुराजांनी खरोखर विचार केला. "निदान तीन," ते म्हणाले.

आता वडिलांविषयी सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडलं.

आमचे वडील फेरीबोटीचे सारंग. गावाच्या दोन काठांमधून जी मोठी नदी जाते, तिच्यावर पूल होण्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी बोट चालवली. माणसं, सायकली, जनावरं, गाड्या, सगळं ह्या काठावरून त्या काठावर. एकतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती बोट मधोमध कलंडली. सात माणसं बुडाली.

झालं ते असं. वडील खाली इंजिनाशी होते, तेवढ्यात मालकाच्या मॅनेजरने वाळूचा एक जादा ट्रक बोटीवर चढवून घेतला. वडिलांनी तो उतरवायला सांगितलं, बोटीच्या वहीत तसं लिहिलंसुद्धा. मॅनेजर म्हणाला, चालव नाहीतर उद्यापासून येऊ नको. काठावर दीडशे माणसं खोळंबली होती, अंधार पडत आला होता. वडिलांनी बोट सोडली. मधल्या ओढीत ट्रक घसरला. वडील शेवटपर्यंत बोटीवर होते. त्यांना बाहेर काढल्यावर धक्क्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लिहून दिलं, की या माणसाने दारू प्यायलेली नाही. चौकशी झाली, अकरा दिवस चालली. अहवालात ट्रकचा दोष मॅनेजरवर आला, बोट सोडल्याचा ठपका वडिलांवर आला. वडिलांनी तो मान्य केला. सातही घरी ते स्वतः गेले, आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोलले: "मी निघायला नको होतं."

पण अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच मॅनेजरने एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं, की सारंग प्यायलेला होता. ते छापून आलं. अहवाल आठ महिन्यांनी आला, तेव्हा तो छापण्याइतकी कुणाला फुरसत नव्हती. आमच्या घरी त्याची एक प्रत आहे, पत्र्याच्या पेटीत, डॉक्टरांच्या सहीसकट.

त्या सात माणसांपैकी एकाची बायको धक्क्याजवळ चहाची टपरी चालवते. जुन्या धक्क्यावर आता बोटी लागत नाहीत, पण मासे धरणारे येतात, फिरायला येणारे येतात. अपघातानंतरची तीनेक वर्षं तिने वडिलांकडे बघितलं नाही. मग एक दिवस तिने स्वतःच हाक मारली. तेव्हापासून रोज सकाळी सातला वडील तिथे जाऊन बाकावर बसतात. ती चहा देते, स्वतःचा कप घेऊन शेजारी बसते, दोघं नदीकडे बघतात. काय बोलतात कोण जाणे. वडिलांचं वय एकोणऐंशी आहे आणि त्यांच्या दिवसातली ती अर्धा तासाची बैठक हीच खरी जगण्याची वेळ, बाकी सगळा दिवस म्हणजे उद्याच्या सातची वाट बघणं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काही महिन्यांपूर्वी एका सकाळी ते सव्वासातलाच परत आले. चपला काढल्या नाहीत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "तिच्या सुनेने फोनवर विचारलं, बोट का बुडाली म्हणून. फोन म्हणाला, सारंग दारूच्या नशेत होता."

"आणि ती काय म्हणाली?"

"तिने मला विचारलं, 'तेव्हा प्यायला होतात का हो?'" वडील खुर्चीत बसले. "एकतीस वर्षांनी विचारलं गं तिने. मी नाही म्हणालो. ती हं म्हणाली. पण बसली नाही माझ्याजवळ."

थोड्या वेळाने म्हणाले, "माझी चूक आहे ती लिहा म्हणावं. निघालो, हे लिहा. पण हे नको." आणि मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "अगं, पण थोरला तिथेच आहे की! त्याला सांग."

माझं कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं लोकांचे दस्त, दाखले, प्रतिज्ञापत्रं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यामुळे कागदाला मी भीत नाही. मी अहवालाच्या तीन प्रती काढल्या, दुकानाला कुलूप लावलं आणि बंधुराजांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, माझा चेहरा बघून त्या न बोलता स्वयंपाकघरात गेल्या.

बंधुराजांनी अहवाल हातात घेतला नाही. नुसता लांबून बघितला, जसं कुणी ओल्या छत्रीकडे बघावं. "हे कागदावर आहे," ते म्हणाले.

"मग कशावर असणार? एकतीस वर्षांपूर्वीचं आहे."

"नाही, म्हणजे मशीनला हे दिसत नाही. त्याच्यासाठी हे नाहीच."

"तुला दिसतंय ना?"

"माझ्या दिसण्याचा प्रश्नच नाही, तू समजून घे."

मी समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून अख्खा अहवाल टाईप केला, सत्तावन्न पानं, आणि डॉक्टरांच्या दाखल्याच्या फोटोसकट इंटरनेटवर टाकला. बंधुराजांना फोन केला. ते म्हणाले, "छान केलंस. पण ते एक पान झालं. तिकडे एक्केचाळीस आहेत."

"ती सगळी त्या एकाच बातमीवरून उतरवलेली आहेत रे!"

"असतील. पण एक्केचाळीस आहेत."

शंभर उंदरांनी मिळून ठराव केला तर बंधुराज मांजराला उंदीर म्हणून सही करतील. मी विचारलं, "मग हे वाक्य बरोबर आहे असं ठरवलं कोणी? तुमच्यातल्याच कोणीतरी बटण दाबलं असेल ना?"

"साठ माणसं आहेत. कोणीही असेल."

"तू बघू शकतोस?"

"तसं बघता येत नाही," बंधुराज म्हणाले, आणि मघाशी म्हटलं तसं, हा माणूस लुबाडत नाही. पण खोटं बोलत नाही असं मी म्हटलेलं नाही.

कारण तसं बघता येत होतं. मी दुसऱ्याच दिवशी अहवाल घेऊन त्या चौथ्या मजल्यावर गेले. तिथल्या पर्यवेक्षक बाई तिशीतल्या होत्या, सभ्य होत्या, त्यांनी मला खुर्ची दिली आणि अहवालातली पहिली दहा पानं माझ्यासमोर मन लावून वाचली. मग त्यांनी त्यांच्या पडद्यावर ते वाक्य काढलं. बोटीचं नाव, साल, आणि पुढे: कारण, चालक दारूच्या नशेत. पानं, एक्केचाळीस.

"खरं म्हणजे एवढी पानं असली की वाक्य आमच्याकडे येतच नाही," त्या म्हणाल्या. "मशीनला ज्यात शंका येते तेवढीच येतात. इथे बघा, त्याने खूण केली आहे. सगळ्या पानांवरचे शब्द जवळजवळ सारखेच आहेत, तेव्हा हे एकमेकांवरून उतरवलेलं असू शकतं. म्हणून त्याने विचारलं."

"कुणाला विचारलं?"

तिघांना विचारलं होतं. एकेका तपासनिसाचा नंबर होता. तिसरा नंबर मला पाठ होता, कारण बंधुराज त्या नंबराचं ओळखपत्र गळ्यात अडकवून आमच्या घरी यायचे.

बाईंना नात्याची कल्पना नव्हती. त्या सरळ वाचत गेल्या. "पहिल्या दोघांनी 'बरोबर' दिलंय. तिसऱ्याने आधी 'चूक' दिलं. 'चूक' दाबलं की आमच्याकडे पडद्यावर येतं, की इतर दोघांचं मत वेगळं आहे, बदलायचं का? मग त्यांनी बदललं. 'बरोबर' केलं."

"किती वेळाने?"

"चार सेकंद."

"आणि तिसरं बटण? ठरवता येत नाही?"

"ते होतंच की. पण ते फारसं कुणी वापरत नाही. इतरांशी मत किती जुळतं त्यावर गुण असतात ना."

मी विचारलं, आता हे दुरुस्त कसं होणार? बाई म्हणाल्या, सोपं आहे. ज्या तपासनिसाने मत दिलं त्याने फॉर्म भरायचा, 'माझा निर्णय चुकला' म्हणून. तुमचा अहवाल जोडायचा. वाक्य पुन्हा उघडतं. दोन दिवसांचं काम. फक्त त्या तपासनिसाचे गुण कमी होतात, आणि एक तारखेला मुख्य तपासनीस नेमायचे आहेत, तेव्हा ह्या महिन्यात कोणी असला फॉर्म भरेल का, ते सांगता येत नाही.

त्या रविवारी बंधुराज आले. मी वडिलांना आधी काही सांगितलं नव्हतं. मला त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांची फजिती बघायचीही होती. मी चार सेकंदांचं सगळं वडिलांसमोर सांगितलं. बंधुराज खाली बघत होते. मला वाटलं आता रडतील, निदान चिडतील तरी. त्यांनी चष्मा पुसला.

"बाबा, तिथली पद्धत अशी आहे, की आपलं माणूस आहे म्हणून वेगळं धरायचं नसतं," ते म्हणाले.

"बरोबर आहे," वडील म्हणाले. "आपलं म्हणून धरू नकोस. पण तुला खरं माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं आणि..."

"आधी 'चूक' दाबलंस ना?"

"हो."

"मग ते कोणी दाबलं?"

वडिलांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला राग येत होता. ते म्हणाले, "फॉर्म भरून टाक. मी सात दारांत जाऊन सांगितलं, माझं चुकलं. काही होत नाही रे माणसाला. जीव जात नाही."

"बघतो," बंधुराज म्हणाले.

"एक तारखेच्या आधी बघ," मी म्हणाले.

"बघतो म्हटलं ना!"

मी तोवर हात बांधून बसणार नव्हते. मी अहवाल घेऊन टपरीवर गेले. त्या बाईला वाचता येत नाही. तिच्या बाकावर बसून मी डॉक्टरांचा दाखला वाचून दाखवला, वडिलांनी वहीत लिहिलेली ओळ वाचली, निकाल वाचला. तिने गॅस बारीक केला आणि सगळं ऐकलं. गिऱ्हाईक आलं तर हाताने थांब म्हणून खूण केली. माझं वाचून झाल्यावर म्हणाली, "हे मला तेव्हाही सांगितलं होतं कोणीतरी. मी ते खरं धरून चालले होते."

"मग आताही धरा ना."

"धरते गं. पण तुझा भाऊ तिथेच कामाला आहे ना, ज्या फोनवाल्यांचं हे आहे? सारंगच सांगायचे कौतुकाने. मग तो काय म्हणतो?"

आयुष्यात पहिल्यांदा मला बंधुराजांची बाजू सावरावीशी वाटली, वडिलांसाठी. एक खोटं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण हातात डॉक्टरांचा दाखला होता. मी म्हणाले, "तो बघतो म्हणालाय."

"स्वतःच्या बापाचं," ती म्हणाली, "बघायला लागतंय का त्याला?" आणि गॅस मोठा करून भांडं विसळायला लागली. तिने वाईट अर्थाने म्हटलं असेल असं नाही. पण पोटचा पोरगाच जिथे ठामपणे 'हे खोटं' म्हणत नाही, तिथे परकी बाई किती दिवस धरून चालणार? वडिलांचं सकाळचं जाणं त्यानंतर आठवडाभर चाललं. ती चहा द्यायची, पैसे नको म्हणायची, आणि आत काहीतरी काम काढायची. आठव्या दिवशी वडील सातला उठून तयार झाले आणि खुर्चीत बसून राहिले.

एक तारीख आली. बंधुराज मुख्य तपासनीस झाले. फोन आला वहिनींचा, बिचाऱ्यांचा आवाज मेल्यासारखा होता. "ताई, त्यांनी फॉर्म भरला नाही हो," त्या म्हणाल्या. "मी रोज विचारत होते. रोज भरतो म्हणायचे."

रविवारी बंधुराज आले. नवीन शर्ट, गळ्यात नवीन ओळखपत्र, त्यावर नंबराच्या जागी आता हुद्दा. माझ्याकडे न बघता ते दारातूनच घाईघाईने बोलायला लागले, की आता माझ्या हातात अधिकार आलाय, आता मी ते वाक्य वरच्या पातळीवर मांडू शकतो, थोडं स्थिरस्थावर होऊ दे, दोन-तीन महिन्यांत बघतो.

वडील खुर्चीतून उठले. एकोणऐंशीव्या वर्षी त्यांना उठायला वेळ लागतो, आणि मुलासाठी ते कधी उठत नसत. एकतीस वर्षांपूर्वी चौकशीचे अधिकारी आमच्या घरी येत, तेव्हा ते असेच उभे राहत. मी चौदा वर्षांची होते, मला आठवतं. त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली.

"या साहेब, बसा," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, मी शोधला. "उन्हातून आलात. काय विचारायचं असेल ते विचारा, मी सगळं सांगतो."

"बाबा," बंधुराज म्हणाले.

वडील माझ्याकडे वळले. "पोरी, साहेबांना पाणी दे," म्हणाले, आणि उभेच राहिले.